गरोदरपणातला योग: धास्ती, श्वास आणि पाण्याचा दिवस

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून घरी परतले आणि दुसऱ्याच दिवशी अंगात कणकण भरली. मला तेव्हा सहावा आठवडा लागला होता. ही गोष्ट घरात फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होती, कारण आदल्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भ गमावल्यानंतर ती तिसऱ्या कोणाला सांगण्याचे धाडस आमच्यात उरले नव्हते. होम मैदानावरच्या त्या गर्दीत मी गेलेच कशाला, नंदीध्वजांना लांबूनच हात जोडले असते तर काय बिघडले असते, हे प्रश्न तापापेक्षा जास्त छळत होते. ताप तीन दिवसांत उतरला, धास्ती मात्र पुढचे कित्येक आठवडे अंगात मुरून राहिली.

त्या धास्तीचे मूळ पाण्यात होते. सोलापुरात घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात नेहमीच्या पंचांगाशिवाय ‘पाण्याचा दिवस’ नावाचे आणखी एक पंचांग असते. उजनी धरणाचे पाणी नळाला रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते, आणि आले की मग वेळ पहाटेची असो वा मध्यरात्रीची, टाकी, पिंप, घागरी, कळशा, पातेली असे जे जे हाताला लागेल ते भरून घ्यावे लागते. पहिल्या वेळी गर्भपात झाला त्याच्या आदल्या दिवशी पाण्याचा दिवस होता आणि मी जिन्यावरून बादल्या चढवल्या होत्या. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने मायेने जवळ घेऊन तेच वाक्य म्हटले: “जड उचललंस गं, म्हणून झालं.” सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात, रोजच्या घरकामाने सहसा गर्भ पडत नाही, हे डॉक्टरबाईंनी मला नीट समजावून सांगितले होते. बुद्धीला ते पटलेही होते. रात्री तीन वाजता मात्र बुद्धी झोपलेली असते. त्या वेळी मी उठून न्हाणीघरात जायची, दिवा लावायची आणि कपड्यावर डाग नाही ना, हे पाहायची. परत येऊन पडले की अर्ध्या तासाने पुन्हा उठायची.

अकराव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन सगळे पाहून झाल्यावर फाईल मिटली आणि सहज विचारले, “झोप लागते का?” या प्रश्नाला मला रडू आले. उलट्या होतात का, डोहाळे कसले लागले, पोट दुखते का, हे सगळ्यांनी विचारून झाले होते. झोपेचे कोणीच विचारले नव्हते. गरोदरपणातली चिंता ही रक्ताच्या कमतरतेइतकीच दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, ती अंगावर काढायची नसते, असे त्या म्हणाल्या. समुपदेशनाला जायचे, फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवायचा, आणि बारावा आठवडा उलटला की पोटुशा बायकांसाठीचा वेगळा योगवर्ग सुरू करायचा, असे तीन मार्ग त्यांनी सुचवले. यांपैकी एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावले. योग केला म्हणजे नैराश्यावरचे उपचार नकोत, असे मानणाऱ्या बायका मला पुढे भेटल्या आणि प्रत्येक वेळी मला डॉक्टरबाईंचे ते बजावणे आठवले.

पहिला वर्ग मी चुकीचा निवडला. ‘नॉर्मल डिलिव्हरीची खात्री’ आणि ‘प्रतिकारशक्ती दुप्पट’ असे फलकावर लिहिलेले पाहूनच खरे तर शंका यायला हवी होती. तेथे सर्वसाधारण बॅचमध्येच आम्हा दोघी गरोदर बायकांना एका कोपऱ्यात बसवले आणि सगळ्यांबरोबर कपालभाती करायला सांगितले. कपालभातीत पोटाला जोरजोराने झटके द्यावे लागतात आणि गरोदरपणात नेमके तेच टाळायचे असते. भात्यासारखा जोराने श्वास चालवणारी भस्त्रिका, श्वास कोंडून धरणारे कुंभक आणि पोट आत ओढणारा उड्डियान बंध यांचेही तसेच. मी हे विचारले तेव्हा “हळू करा, काही होत नाही” असे उत्तर मिळाले. भरलेले पैसे सोडून मी दुसऱ्या दिवसापासून तिकडे फिरकले नाही.

दुसरा वर्ग शहराच्या पूर्व भागात, एका निवृत्त परिचारिकेच्या घरी भरायचा. आम्ही सगळ्या त्यांना नुसते ‘बाई’ म्हणायचो. बाईंनी पहिल्या दिवशी एकही आसन घेतले नाही. फाईल मागितली, सोनोग्राफीचा कागद उघडून वार कुठे आहे ते वाचले, रक्तदाबाच्या नोंदी पाहिल्या आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आणायला सांगितले. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल, तर त्या बाईला सरळ घरी पाठवायच्या. व्यायाम चालू असताना चक्कर, डोकेदुखी, छातीत दुखणे, पोटरीत कळ, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे यांतले काहीही झाले, तर वर्ग तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचे, हा नियम त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावला होता. परिचारिका म्हणून काढलेली वर्षे त्या भिंतीवर दिसत होती.

आम्ही पाच जणी होतो. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी पाऊण तास. शिवाय मी दोन संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालायला जायची. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी गरोदर स्त्रियांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. तेवढी मिनिटे अशी सहज भरत होती.

साधने म्हणाल तर भिंत, एक लाकडी खुर्ची आणि प्रत्येकीने घरून आणलेल्या दोन सोलापुरी चादरी. बाहेरगावच्या वर्गांत गोल लोड विकत घ्यायला लावतात असे ऐकले आहे. आमच्या गावात त्यावर पैसे घालवणे म्हणजे नदीकाठी पाणी विकत घेण्यासारखे झाले असते. जेकॉर्डची जाड चादर लांबीत चौपदरी करायची, एका टोकाकडून घट्ट गुंडाळत आणायची आणि जुन्या ओढणीने दोन ठिकाणी बांधायची, की गुडघ्याखाली किंवा पाठीशी घ्यायला पक्का लोड तयार होतो. दुसरी चादर घडी करून बसायला. तिच्या काठावर बसले की कंबर आपोआप सरळ होते आणि मांड्या सैल सुटतात. बद्धकोणासनात, म्हणजे आमच्या भाषेत फुलपाखरात, बसताना गुडघे जमिनीला टेकवण्याचा हट्ट बाई करू द्यायच्या नाहीत. गरोदरपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल पडलेले असतात. अशा वेळी ताण जास्त दिला तरी तो लगेच जाणवत नाही आणि दुखापत नंतर कळते. त्यामुळे आसन जितके जमते त्याच्या थोडे अलीकडे थांबायचे, ही बाईंची शिस्त होती. एरवी सगळ्या गोष्टी टोकापर्यंत नेणाऱ्या मला ती सगळ्यांत जड गेली.

भिंतीशी पाठ लावून ताडासन, गुडघ्या-हातांवर येऊन मांजरीसारखी पाठ गोल करायचे मार्जारासन, खुर्ची धरून वीरभद्रासन आणि मग खांदे व मान मोकळी करणाऱ्या हालचाली एवढाच आमचा पाठ होता. पोटावर झोपून करायची आसने, उलटी आसने आणि पोट पिळणारी वळणे त्यात नव्हती. पाचव्या महिन्यापासून शवासनही उताणे नव्हते, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊ शकते. डाव्या कुशीवर वळायचे, एक लोड दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, दुसरा पाठीशी, आणि पोटाखाली टॉवेलची छोटी घडी. त्या घडीची जागा एकदा सापडली की सगळे अंग जमिनीला सोपवून देता यायचे.

श्वासाचे मात्र मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. बाईंच्या घरामागे यंत्रमागांची शेड होती आणि भिंतीतून सतत खटखट येत असे. पहिल्या आठवड्यात मी तक्रार केली की अशा आवाजात मन कसे लागणार. बाई म्हणाल्या, “आवाजाशी भांडू नका, त्याला कामाला लावा.” मग आम्ही मागाच्या ठोक्यांवर श्वास मोजू लागलो: आठ ठोक्यांत आत, बारा ठोक्यांत बाहेर, मध्ये कोठेही कोंडून धरायचे नाही. घड्याळ लावून पाहिले तेव्हा मिनिटाला साधारण सहा श्वास पडत होते. श्वास इतका संथ झाला आणि सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब राहिला, की शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर वाढतो आणि नाडीचे ठोके मंदावतात, हे मला नंतर वाचून कळले. तेव्हा एवढेच समजत होते की बाराव्या ठोक्याशी पोहोचेपर्यंत जबडा सैल पडतो. मी दिवसभर दात आवळून वावरते, याचा पत्ताही मला तोवर नव्हता.

दोन आठवड्यांनी मी तीच मोजणी रात्री तीन वाजता करू लागले. न्हाणीघराच्या फेऱ्या काही एकदम बंद झाल्या नाहीत. चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, आणि विसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल नीट कळू लागल्यावर त्या थांबल्या. यातले श्रेय योगाचे किती आणि बाळाच्या लाथांचे किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही.

आमच्यातली एक जण विड्या वळायची. दिवसाला हजार विड्यांच्या मागे सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मान खाली. त्यात तंबाखूची धूळ. गरोदरपणात तंबाखू हाताळणे बाळासाठी चांगले नाही, हे तिला बाईंनी सांगितले होते आणि तिलाही ते कळत होते, पण मजुरी सोडून घर कशावर चालणार, या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी वळण्याचे काम काही महिन्यांसाठी तिच्या जावेने उचलले. एकदा वर्ग संपल्यावर ती मला म्हणाली, “ताई, दिवसातनं एवढाच वेळ मी हात रिकामे ठेवून बसते बघा.” योगाच्या मानसिक लाभांविषयी मी पुष्कळ वाचले आहे, या वाक्याइतके नेमके कोठे वाचले नाही.

आता प्रतिकारशक्तीविषयी. या शब्दाचा बाजार फार झाला आहे, म्हणून जपून लिहिते. गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘कमी होते’ असे आपण सरसकट म्हणतो, पण ते पुरते खरे नाही. पोटातल्या बाळाची निम्मी जडणघडण वडिलांकडून आलेली, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने परकी असते. त्या पाहुण्याला सांभाळून घेण्यासाठी संरक्षणव्यवस्था आपली मांडणी बदलते. काही बाजूंनी ती सौम्य होते आणि काही बाजूंनी जागरूकच राहते. या बदलांमुळे आणि वाढत्या पोटाचा फुप्फुसांवर भार येत असल्यामुळे फ्लूसारखा आजार गरोदर बाईला जास्त जड जाऊ शकतो. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ तर शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

यात योगाचे काम काय? सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. गरोदरपणात ते मुळातच वाढलेले असते. दीर्घकाळचा ताण आणि अपुरी झोप यांनी संरक्षणव्यवस्थेचे काम बिघडते, हे बऱ्यापैकी सिद्ध झालेले आहे. तैवानमधील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 94 निरोगी गरोदर स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने सोळाव्या आठवड्यापासून वीस आठवडे, आठवड्यातून दोनदा 70 मिनिटे योग केला. वर्गानंतर लगेच तपासलेल्या लाळेत कॉर्टिसॉल कमी आणि इम्युनोग्लोब्युलिन-ए हे प्रतिद्रव्य जास्त आढळले, आणि या प्रतिद्रव्याची पातळी पुढेही वरचढ राहिली. तोंड, नाक, घसा यांच्या अस्तरावर पहारा देणारे हे प्रतिद्रव्य आहे, त्यामुळे ही बातमी आनंदाची आहेच. परंतु लाळेत पहारेकरी वाढले म्हणजे त्या बायका कमी आजारी पडल्या, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ‘दुप्पट प्रतिकारशक्ती’ तर त्यातून मुळीच निघत नाही.

म्हणून मी टीडीच्या, म्हणजे धनुर्वात व घटसर्पाविरुद्धच्या, लसी वेळेवर घेतल्या, डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने फ्लूची लसही घेतली, आणि चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्लाची रोजची गोळी चुकवली नाही. ही गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते; तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते आणि ती किमान 180 दिवस घ्यायची असते. गोळीने पोट जड होते, म्हणून ती रात्री घ्यायची आणि तिच्यावर चहा प्यायचा नाही. पाणी उकळून प्यायले. साठवलेल्या पाण्याची पिंपे झाकून ठेवली आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली, कारण आपल्या गावात पाणी साठवणे सुटत नाही आणि डेंग्यूच्या डासाला तेच हवे असते. पाण्याच्या दिवसाची अशी दुसरी बाजू मला गरोदरपणातच नीट दिसली. शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर चिकातून व दुधातून आणखी मिळतात. तेव्हा आईने घेतलेली लस ही बाळाचीही पहिली शिदोरी असते.

मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला आणि बाईंनी वर्ग सकाळी सहाला आणला. गरोदर बाईचे अंग फार तापणे बाळासाठी बरे नसते, म्हणून उन्हाळाभर उभी आसने निम्म्याने कमी केली आणि शीतली प्राणायाम वाढवला. जिभेची पन्हळ करून गार हवा आत ओढायची. पाचांपैकी दोघींना जिभेची पन्हळ होतच नव्हती आणि त्यांचे चेहरे पाहून बाकीच्या हसायच्या. घरी आल्यावर ताक, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दुपारी पडदे ओढून झोप. हेही वेळापत्रक बाईंनीच आखून दिलेले.

सासूबाईंना हे सगळे थेर वाटत होते. “आम्ही जातं ओढलं, उकिडवं बसून सारवलं, नवव्या महिन्यापर्यंत. आमचा योग त्यातच झाला,” असे त्या डोहाळजेवणाला आलेल्या बायकांसमोर म्हणाल्या. त्यांचे अर्धे बरोबर होते: मांडी घालून आणि उकिडवे बसण्याने कंबरेला जो सराव होतो, तोच आम्ही वर्गात पैसे देऊन करत होतो. पण जात्यापाशी बसून त्यांना स्वतःच्या भीतीविषयी कोणाशी बोलता आले होते का, असे मी त्या रात्री विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या पहिल्या, न जगलेल्या मुलाविषयी सांगितले. लग्नाला सहा वर्षे होऊनही मला हे माहीत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी श्वास मोजायला बसले, की त्या शेजारी पाट घेऊन बसू लागल्या, म्हणायच्या, गुडघ्यांसाठी.

सप्टेंबरात कळा सुरू झाल्या. दहा तास मी उभी राहून, चालून, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून कंबर डोलावून काढले, आणि प्रत्येक कळेला बारापर्यंत मोजत श्वास सोडला. मग बाळाच्या हृदयाचे ठोके उतरू लागले आणि डॉक्टरबाईंनी सिझेरियनचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाच्या फलकावर विश्वास ठेवला असता, तर त्या क्षणी मला मी नापास झाले असे वाटले असते. बाईंनी असले वचन कधीच दिले नव्हते, त्यामुळे मोडण्यासारखे काही नव्हते. पाठीच्या कण्यात भुलीची सुई घेताना पाठ गोल करून अजिबात हलायचे नाही, असे भूलतज्ज्ञ म्हणाले. मार्जारासनाचे इतके प्रत्यक्ष काम पडेल, असे मला वाटले नव्हते. मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅम.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी टाका पाहिला आणि दहा प्रश्नांचा एक कागद पुढे केला. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी 1987 मध्ये तयार झालेली ती एडिनबरा प्रश्नावली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगाच अपराधी वाटले का, झोप उडाली का, असे साधे प्रश्न. अपराधीपणाच्या प्रश्नाशी माझे पेन थोडे थांबले, आणि मग मी खरे तेच उत्तर लिहिले. गुण काळजी करण्याइतके नव्हते, तरी महिन्याने पुन्हा यायला सांगितले. पोटाचे व्यायाम अजून नाहीत, खांद्यांच्या हालचाली आणि श्वास एवढेच चालेल, अशी परवानगी घेऊन घरी आले.

घरी आले तर नळाला पाणी आलेले. नवरा बादल्या वर नेत होता, सासूबाई पिंपाजवळ उभ्या राहून सूचना करत होत्या, आणि मला कोणी कशाला हात लावू देईना. मुलीला मांडीवर घेऊन, चादरीचा तोच लोड कोपराखाली ठेवून मी भिंतीला टेकून बसले. इथे माग नव्हता, म्हणून मोटारीच्या घरघरीवर मोजायला गेले. पण मोटारीला ठोका नसतो, आणि सातवर पोहोचेपर्यंत मुलीने भोकाड पसरले.